परीकथेचं चित्र स्पर्धेसाठी: भोपळा, द्राक्षाचा मांडव आणि एकच उजेड

‘परीकथा’ असा विषय जाहीर झाला की स्पर्धेत येणारी बरीचशी चित्रं एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात. पांढरा झगा, पाठीला पंख, मागे धुकं, वर परातीएवढा चंद्र आणि रिकामा राहिलेला कोपरा भरायला चार फुलपाखरं. सगळं असतं, फक्त गोष्ट नसते. परीक्षकासमोर एका चित्राला मिळतात काही सेकंद. तेवढ्यात त्याला ‘आता पुढे काय होणार?’ असं वाटलं तर चित्र बाजूला काढलं जातं, नाही तर पुढे सरकतं. म्हणून एक क्षण आणि एक उजेड ठरवायचा आणि बाकी सगळं त्या दोघांच्या सोयीनं करायचं. खाली जे सांगितलंय ते नाशिकमध्ये राहून, बेताच्या खर्चात आणि साधारण पंधरा दिवसांत होण्यासारखं आहे.

आधी नियम वाचा, मग कल्पना

कंटाळवाणं असलं तरी सुरुवात इथूनच. चार गोष्टी पेन्सिलीनं अधोरेखित करा. पहिली, विभाग: छायाचित्र, छायाचित्रांचं जोडकाम की डिजिटल चित्र. छायाचित्राच्या विभागात सहसा दोन फोटो जोडलेले चालत नाहीत, रंग आणि उजेड सुधारणं चालतं. दुसरी, एआय. काही ठिकाणी पूर्ण बंदी असते, काही ठिकाणी सांगून वापरता येतं. मात्र फोटोशॉपमध्ये मोकळी जागा आपोआप भरून देणारं साधनही काही ठिकाणी त्यातच मोजलं जातं, हे अनेकांना निकालानंतर कळतं. तिसरी, दुसऱ्याचे फोटो. पैसे देऊन घेतलेला वाघही काही स्पर्धांत बाद असतो. चौथी, माप आणि मूळ फाइल. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली, प्रक्रिया न केलेली) आणि थर म्हणजे लेअर्स न मिटवलेली फाइल मागितली जाऊ शकते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोन्ही जपून ठेवा.

हक्कांचंही इथेच बघून घ्या. सिंड्रेलाचा भोपळ्याचा रथ शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये लिहिला, तो आता सगळ्यांचा आहे. पण एखाद्या चित्रपटानं तिला घातलेला झगा, केसांची ठेवण, मुकुटाचा आकार हे त्या कंपनीचं. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक-चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. गोष्ट घ्या, तिचा पडद्यावरचा पोशाख घेऊ नका.

खरं तर इतकं लांब जायचीही गरज नाही. भोपळा आपल्याकडेही आहे आणि तो रथापेक्षा जास्त मजेदार आहे.

क्षण निवडणं

‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ही गोष्ट घेऊ. हा लेख हेच उदाहरण धरून पुढे जातो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. लेकीकडे तूपरोटी खाऊन गुटगुटीत झालेली म्हातारी भोपळ्यात बसून परत निघालीय आणि वाटेत वाघ टपलाय. यात क्षण किती आहेत बघा: म्हातारी आणि वाघाचं पहिलं बोलणं, लेकीच्या घरचं जेवण, भोपळा गडगडत निघणं, वाघानं भोपळा अडवणं. नवखा माणूस भोपळा अडवल्याचा क्षण घेतो, कारण त्यात वाघ दिसतो. त्याच्या आधीचा क्षण जास्त चांगला. भोपळा थांबलाय, म्हातारीनं झाकण जरासं उचलून डोकं बाहेर काढलंय, ती उजवीकडे बघतेय आणि डावीकडच्या गवतातून फक्त शेपटीचं टोक वर आलंय. बघणाऱ्याला माहीत आहे, म्हातारीला नाही. अख्खा वाघ दाखवला की गोष्ट तिथेच संपते. शिवाय अख्खा वाघ आणणार कुठून, हाही प्रश्न आपोआप मिटतो.

क्षण सापडला की नाही हे तपासायला तो एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘आणि’ दोनदा आलं तर एक गोष्ट काढा.

मग कागदावर काडेपेटीएवढ्या आठ चौकटी आखा आणि प्रत्येकीत तोच क्षण वेगळ्या तऱ्हेनं बसवा. रेघा कशाही आल्या तरी चालतील, छटा मात्र तीनच वापरा: कोरा कागद, पेन्सिलीचा करडा आणि गडद काळा. चेहरा किंवा नजर जिथे आहे तिथेच सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटा एकमेकींना भिडल्या पाहिजेत. आपल्या चित्रात म्हातारीचे पांढरे केस आणि मागचा काळोखा मांडव. ही जोडी चौकटीत जमली नाही तर संगणकावर कितीही घासलं तरी जमत नाही.

जागा

द्राक्षाचा मांडव हा नाशिकला फुकट मिळालेला परीकथेचा बोगदा आहे. मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरी या पट्ट्यात ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. विचारायचं काय, तर फवारणी कधी झाली आणि पुढची कधी आहे. फवारलेल्या पानांखाली मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना बसवू नका. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काही आठवडे मांडव उघडाबोडका असतो, तेव्हा जाऊन निराश होऊ नका. पावसाळ्यात पानं दाट असतात, डिसेंबरनंतर घड दिसतात. मांडवाखालचा उजेड पानांतून गाळून येतो आणि चेहरा हिरवट करतो. समोरून पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा धरा, आणि नंतर संगणकावर टिंट (हिरवा-किरमिजी तोल) किरमिजीकडे थोडा सरकवा.

महालाऐवजी वाड्याचा जिना शोधा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत कोरीव लाकडी खांब, देवळ्या, अंधारा जिना आणि वरून चौकात पडणारा एकच उजेडाचा पट्टा मिळतो. कुठल्याही राजकन्येला कोंडून ठेवायला एवढं पुरे. तिथे माणसं राहतात, तेव्हा वेळ ठरवून जा आणि पायऱ्यांवर तारा पसरू नका.

पांडवलेणी म्हणजे त्रिरश्मी लेण्यांत एकूण २४ लेणी आहेत. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले यक्ष बघून या. राक्षसाची ताकद पाठीच्या आणि खांद्याच्या वाकण्यातून कशी दाखवावी, याचा तो तयार धडा आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत स्टँड, दिवे, पोशाख घेऊन चित्रीकरण करायचं तर परवानगी आधी काढावी लागते. नुसतं बघायला आणि रेखाटायला वही पुरते. सिन्नरच्या गोंदेश्वराचंही तसंच.

काळ्या पाषाणात एक गोम आहे. कॅमेरा काळा कातळ बघून आपणहून जास्त उजेड घेतो आणि समोरचा चेहरा पांढराफटक होतो, म्हणून एक्सपोजर (कॅमेऱ्यानं घेतलेला उजेड) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा, एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. ओल्या कातळावर आकाशाची चमक येते आणि रात्रीच्या दृश्यात ती चांदण्यासारखी दिसते. सोमेश्वरच्या धबधब्याजवळ ती सहज मिळते. तिथे पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावलात तर तीच चमक पुसली जाईल. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदेची पातळी चढते. दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याची बातमी ऐकली की त्या दिवशी नदीकाठचं चित्रीकरण रद्द.

आणि बिबट्या. निफाडकडचा ऊस असो की गंगापूर-मखमलाबादकडचे मळे, पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्यानं जाऊ नका, लहान मुलांना घेऊन तर नाहीच. गोष्टीतला वाघ म्हातारीचं ऐकून घेतो, हा घेणार नाही.

सामान

आपल्या चित्राला लागतं ते एवढंच. एक लाल भोपळा, म्हणजे आपल्याकडचं डांगर: गोल, खोल खाचांचा, देठ शाबूत असलेला, रुंदी २५ सेंमीच्या आसपास आणि उंची १८. पंचवटीच्या मार्केट यार्डात सकाळी निवडून घेता येतो. तिथे फुटपट्टी काढून मोजायला लाजू नका, हे माप पुढे लागणार आहे. सुती नऊवारी लुगडं, शक्यतो वापरून मऊ झालेलं, कारण नव्या कापडाच्या घड्या फोटोत पुठ्ठ्यासारख्या दिसतात. सुमारे ५० सेंमीची परात. पिंगपाँगचा पांढरा चेंडू. १० सेंमीची सरळ काडी. बटर पेपर, आणि स्टेशनरीच्या दुकानातला नारिंगी जिलेटीन कागद.

राजकन्या किंवा परी करणार असाल तर दोन सूचना. बारीक जाळीच्या कापडावर कॅमेऱ्यात इंद्रधनुषी लाटा उमटतात, म्हणून कापड घ्यायच्या आधी मोबाइलनं दोन मीटरवरून एक फोटो काढून मोठा करून बघा. येवल्याची पैठणी वापरायची तर जरीवर समोरून उजेड मारू नका, ती पांढरी पडते. बाजूनं उजेड आला तरच सोनं सोन्यासारखं दिसतं. तांब्या-पितळेची भांडी नाशिकच्या भांडी बाजारात भाड्यानं मिळतात का ते विचारा. पितांबरीनं लख्ख केलेलं भांडं नवं आणि खोटं वाटतं, डाग असलेलंच मागा.

जिवंत पोपट किंवा घुबड कुणाकडूनही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे पोपट आणि घुबडं पाळणंच गुन्हा आहे.

मापाचं गणित

आपण मांडव, म्हातारी झालेल्या आजी आणि भोपळा वेगवेगळे टिपून एका चित्रात जोडणार आहोत. नवख्यांची जोडकामं खोटी दिसतात ती बहुतेक वेळा इथे, मापात, कात्रीकामात नव्हे. २५ सेंमीचा भोपळा चित्रात १२५ सेंमीचा दिसायचा आहे, म्हणजे पाचपट. माणूस आणि पार्श्वभूमी ज्या अंतरावरून आणि उंचीवरून टिपली, त्या दोन्हींना पाचानं भागायचं आणि भोपळा तिथून टिपायचा.

मांडवात कॅमेरा जमिनीपासून १ मीटर उंच, सरळ, वरखाली न झुकवता लावा. भोपळा जिथे असायला हवा ती जागा कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर धरून तिथे खूण करा. आजींना त्याच ३ मीटरवर, नेहमीच्या खुर्चीवर बसवा. आता घरी टेबलावर भोपळा ठेवा. कॅमेरा त्याच्यापासून ६० सेंमी दूर आणि टेबलाच्या पृष्ठभागापासून २० सेंमी उंच. लेन्स तीच, झूम असेल तर आकडाही तोच. एवढं पाळलं की भोपळा ताणावा लागत नाही, थर उघडताच तो बसतो. हेच न करता भोपळ्याचा फोटो उभ्यानं वरून काढला, तर भोपळ्याचं डोकं दिसतं आणि आजींचं कपाळ समोरून दिसतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं.

पडताळा असा. मांडवाच्या दोन्ही बाजूंच्या तारा आणि खांबांच्या ओळी लांबवर जिथे एकत्र येतात, ती क्षितिजाची उंची. कॅमेरा १ मीटरवर होता, म्हणजे त्या रेषेवरची प्रत्येक गोष्ट जमिनीपासून १ मीटर उंच आहे. १८ सेंमीचा भोपळा चित्रात ९० सेंमी उंच झाला, तेव्हा रेषा त्याच्या माथ्यावरून थोडी वर गेली पाहिजे आणि खुर्चीवर बसलेल्या आजींच्या हनुवटीच्या आसपास. रेषा डोळ्यांवरून जात असेल तर आजी खाली घसरल्यात.

जवळून फोटो काढताना एक अडचण हमखास येते. ६० सेंमीवर ३५ मिमीची लेन्स एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/८ छिद्राला साधारण आठ-नऊ सेंमी खोलीच स्पष्ट दाखवते. भोपळ्याचा पुढचा फुगवटा स्पष्ट आणि देठ धूसर. मग तो पाचपट मोठा न वाटता टेबलावरचाच वाटतो, कारण मोठ्या वस्तूत असा धूसरपणा नसतो. स्टँडवरून, कॅमेरा न हलवता, तीन फोटो घ्या: फोकस फुगवट्यावर, मग कडेवर, मग देठावर. नंतर त्यांतले स्पष्ट भाग एकत्र करा.

आधी अख्ख्या भोपळ्याचे सगळे फोटो उरका, मगच सुरी लावा. देठाभोवती १० सेंमी व्यासाचं झाकण कापा, ते चित्रात ५० सेंमीचं होईल. कापलेली कड तासाभरात सुकून आत वळायला लागते, पाण्याचा हात फिरवत राहा. आजींच्या हातात झाकणाऐवजी ती ५० सेंमीची परात द्या. हात रिकामे ठेवून ‘धरल्यासारखं करा’ म्हटलं की बोटं खोटं बोलतात. परातीचं वजन असलं की मनगट, बोटं, खांदा सगळं आपोआप खरं होतं आणि मागून परातीच्या जागी झाकण बसवता येतं.

एकच उजेड

तिन्ही ठिकाणी, म्हणजे मांडवात, आजींपाशी आणि टेबलावर, पहिला फोटो पांढऱ्या चेंडूचा आणि उभ्या काडीचा घ्या. चेंडूवर उजेड कुठून येतो, किती मऊ आहे आणि त्याचा रंग कोणता, हे तिन्ही दिसतं. काडीची सावली दिशा आणि लांबी सांगते. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली काडीएवढी, ३० अंशांवर असेल तर पावणेदोनपट. तीन चेंडू शेजारी ठेवून ते एकाच खोलीत असल्यासारखे दिसले तर पुढचं काम सोपं. एक जरी वेगळा दिसला तर तो फोटो पुन्हा काढा. संगणकावर उजेडाची बाजू बदलायला बसलात की दोन रात्री जातात आणि शेवटी पुन्हा फोटोच काढावा लागतो.

उजेडाच्या मऊपणालाही तेच पाचाचं गणित लागू आहे. आजींवर दीड मीटर रुंद दारातून दोन मीटरवरून उजेड येत असेल, तर भोपळ्याला ३० सेंमी रुंद बटर पेपरचा पडदा ४० सेंमीवर हवा. सोपा मार्ग ढगाळ दिवसाचा. आभाळ भरलेलं असलं की सगळीकडे उजेड सारखाच मऊ, पहिल्या प्रयत्नाला तोच बरा.

ऊन हवंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास, तेव्हा साडेसात ते साडेआठ. मे महिन्यात सहाला सूर्य वर येतो आणि आठनंतर मांडवाखाली नुसते कवडसे पडतात. चेहऱ्यावर कवडसे पडले की तो फोटो जोडकामाला निरुपयोगी.

सेटिंग फारशी अवघड नाहीत. मॅन्युअल मोड, रॉ, एफ/८, बसलेल्या माणसासाठी १/१२५ पेक्षा संथ नको, आयएसओ लागेल तेवढा पण तिन्ही ठिकाणी शक्यतो जवळपास सारखा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका, प्रत्येक फोटोत रंग वेगळा येतो. विजेच्या एलईडी माळा वापरत असाल तर अपवाद म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्याहून वेगवान शटरला फोटोत काळे पट्टे उमटू शकतात.

रात्रीचं दृश्य रात्री काढू नका. ढगाळ संध्याकाळी, आभाळ चौकटीबाहेर ठेवून, दीड ते दोन स्टॉप कमी उजेडात आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर काढा. सगळं निळं होतं आणि बारकावे राहतात. कंदील दाखवायचा तर वात पेटवण्याऐवजी आत बॅटरीचा छोटा एलईडी, त्याभोवती बटर पेपरची गुंडाळी आणि वर नारिंगी जिलेटीन. खऱ्या वातीचा उजेड चेहऱ्यापर्यंत पोचत नाही आणि कंदिलाची काच मात्र पांढरी जळते.

धुकं

पावसाळ्यात अंजनेरी, त्र्यंबक, इगतपुरीकडे धुकं मागायला जावं लागत नाही, हिवाळ्याच्या पहाटे गंगापूरच्या फुगवट्यावरही ते कधीकधी तरंगतं. धुक्यात कॅमेरा चुकतो तो पाषाणाच्या उलट दिशेनं: पांढरं बघून उजेड कमी घेतो आणि धुकं मळकट होतं. तिथे एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. गाडीतल्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर लेन्सवर दव धरतं. पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

घरच्या अंगणात ऊद-धुपाचा धूर चालतो, पण उजेड धुराच्या मागून आला तरच तो दिसतो. समोरून उजेड पडला की धूर गायब. रानात मात्र धूर नको, फटाक्यांसारख्या रंगीत धुराच्या कांड्या तर अजिबात नकोत. वाळलं गवत आणि एक ठिणगी एवढ्यावर अख्खा डोंगर पेटतो. जोडकामात धुकं रंगवता येतं, वणवा विझवता येत नाही.

जोडकाम

फोटोशॉप असेल तर उत्तम, नसेल तर क्रिटा किंवा गिंप मोफत आहेत आणि खालचं सगळं त्यांत होतं. फाइल १२ × १८ इंचांची, ३०० डीपीआय, म्हणजे ३६०० × ५४०० पिक्सेल. आडवी की उभी हे तुमच्या काडेपेटीएवढ्या चौकटीनं ठरवलेलंच आहे. रंगखोली १६ बिट ठेवा, नाहीतर धुक्याच्या हलक्या छटांत पट्टे पडतात.

थर खालून वर: मांडव, भोपळ्याची सावली, भोपळा, आजी, भोपळ्याची पुढची कड, झाकण, पुढचं गवत आणि शेपटी. आजी भोपळ्याच्या आतल्या कडेपुढे आणि बाहेरच्या कडेमागे आल्या पाहिजेत, म्हणून कडेचा वेगळा थर. काहीही पुसू नका, मास्क (न पुसता नको तो भाग झाकणारं साधन) वापरा. कात्री मारल्यावर मास्क एक-दोन पिक्सेल आत ओढा, म्हणजे जुन्या पार्श्वभूमीची किनार राहत नाही. केसांसाठी हिरव्या पडद्याच्या फंदात पडू नका. पांढऱ्या केसांत हिरवा उतरला की निघत नाही. साधी करडी भिंत बरी, आणि मांडवातच आजींचा फोटो काढता आला तर केस कापायचीच गरज नाही.

मग सावली, कारण भोपळा तरंगतो तो तिच्यावाचून. दोन थर करा, दोन्ही मल्टिप्लाय (खालचं गडद करणाऱ्या) मोडमध्ये. पहिला, भोपळा मातीला जिथे टेकतो तिथे अरुंद आणि गडद, ब्लर ४ ते ६ पिक्सेल, अपारदर्शकता ७०-८० टक्के. दुसरा पसरट, ब्लर ८०-१०० पिक्सेल, २५-३० टक्के. रंग काळा घेऊ नका, त्याच मातीतला सर्वांत गडद तपकिरी उचला. भोपळा जड आहे, तेव्हा त्याच्याखाली माती थोडी दबलेली आणि कडेला चार ढेकळं वर आलेली हवीत. ती ढेकळं मांडवाच्याच फोटोतून उचला आणि भोपळ्याच्या तळावर थोडी चढवा. एवढ्यानं भोपळा जमिनीवर उतरतो.

उलटा उजेडही द्यावा लागतो. भोपळा नारिंगी आहे, म्हणजे आजींच्या हनुवटीखाली आणि लुगड्याच्या काठावर तो रंग हलका पडणार. सॉफ्ट लाइट मोडच्या थरावर नारिंगी, १० ते १५ टक्के. नवखे इथे ४० टक्क्यांवर जातात आणि आजींना कावीळ होते.

अंतर दाखवायचं ते काळ्या छटेतून. दूरची वस्तू कधीच पूर्ण काळी नसते. ० ते २५५ च्या मापात अगदी पुढच्या गवतातला काळा ५ ते १०, भोपळ्याजवळचा २० च्या आसपास, मांडवाच्या मध्याचा ३५-४०, टोकाचा ८०-९०. लेव्हल्समध्ये हे आकडे बसवले की धुक्याचा ब्रश न फिरवताही हवा दिसायला लागते. नंतर धुकं घालायचंच तर ते थरांच्या मध्ये घाला, सगळ्यांच्या वर नाही. वर घातलेलं धुकं म्हणजे फोटोवर साय.

शेपटीसाठी पुठ्ठ्याला जुनं लोकरीचं कापड गुंडाळून, मांडवाच्याच गवतात खोचून फोटो काढा आणि पट्टे संगणकावर रंगवा. गवताची पाती तिच्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून हवीत. ती गोष्टीतली शेपटी आहे, प्राणिसंग्रहालयातली नाही, तेव्हा फार खरी झाली नाही तरी बिघडत नाही. टोक मात्र किंचित वाकलेलं ठेवा. सरळ शेपटी म्हणजे काठी.

शेवटी सगळ्यावर एकच रंगाचा थर आणि एकसारखा दाणा, २ ते ३ टक्के. वेगवेगळ्या फोटोंचा गुळगुळीतपणा वेगळा असतो, दाण्यानं तो सांधला जातो.

नुसतं रंगवणार असाल, किंवा हातात फक्त मोबाइल असेल

डिजिटल चित्र काढणाऱ्यांनीही वरचा चेंडू, काडी आणि भोपळा सोडू नये. स्वतः काढलेला संदर्भफोटो समोर असला की उजेड चुकत नाही आणि कुणाचं तरी चित्र उतरवल्याचा आरोपही येत नाही. आधी राखाडीत तीन छटा पक्क्या करा, मग रंग. पाचव्या मिनिटाला पापण्या रंगवायला बसणं हा या कामातला जुना रोग आहे. दर अर्ध्या तासानं चित्र आडवं उलटून बघा. वाकलेला चेहरा आणि एका बाजूला झुकलेला भोपळा तेव्हाच दिसतो.

मोबाइलवर मुख्य लेन्स वापरा, अर्ध्या पटीची रुंद लेन्स नको, ती कडेच्या वस्तू ताणते. पोर्ट्रेट मोड बंद. तो केस आणि कडा खोट्या धूसर करतो आणि मग नीट कापता येत नाहीत. प्रो मोडमध्ये रॉ, आणि बोट दाबून फोकस-उजेड पक्का. जोडकाम आयबिसपेंटमध्ये, उजेडाची डागडुजी स्नॅपसीडमध्ये होते. पाचाचं गणित मोबाइललाही तसंच लागू.

पाठवण्याआधी

चित्र २०० पिक्सेल रुंद करून बघा, परीक्षक पहिल्यांदा बहुधा तेवढंच बघणार आहे. म्हातारीचं डोकं आणि शेपटी दोन्ही कळत नसतील तर भोवतालचा उजेड कमी करा, त्यांच्यावरचा वाढवू नका. मग कृष्णधवल करून बघा. मग घरातल्या लहान मुलाला दाखवा आणि काहीही न सांगता ‘काय चाललंय यात?’ एवढंच विचारा. त्यानं ‘छान आहे’ म्हटलं तर अजून काम आहे. ‘तिला सांग ना मागे बघ’ म्हटलं तर झालं.

चंद्र ठेवलाच असेल तर तपासा: तो ढगांच्या पुढे तर आला नाही? चंद्रकोरीच्या पोकळीत चांदण्या तर नाहीत? आणि सावल्या त्याच्या विरुद्ध दिशेला पडल्यात ना?

फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत बदला, नियमातल्या मापाला लहान करा, शार्पन त्यानंतरच करा, जेपीईजीचा दर्जा ९० च्या आसपास ठेवा. छापून पाठवायचं असेल तर आधी ५ × ७ इंचांची एक चाचणी प्रत काढा. झगझगीत पडद्यावर नीट वाटलेला मांडव कागदावर बहुतेक वेळा काळाठिक्कर येतो, तेव्हा मधल्या छटा थोड्या उचलून पुन्हा छापा. फोटोतल्या आजींची, आणि मूल असेल तर पालकांची, लेखी संमती फाइलसोबत ठेवा.

नाव साधं ठेवा. ‘स्वप्नांच्या पलीकडे’सारखी नावं कुठल्याही चित्राला चिकटतात. ‘शेपटी’ एवढं नाव दिलं तर परीक्षक ती शोधायला पुन्हा एकदा चित्रात जाईल. शेवटच्या रात्री अकराला सगळे एकदम पाठवायला बसतात आणि पान उघडत नाही, तेव्हा एक दिवस आधी पाठवा आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. भोपळ्याची भाजी मात्र कापल्या दिवशीच करा, दिव्यांखाली तासभर ठेवलेला भोपळा दुसऱ्या दिवशी टिकत नाही.